त्रेसष्ट दुरुस्त्या

पेंटरांचा हुद्दा कागदावर 'कंपोझिटर' असा होता. तो वाचून लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय करता? पेंटर सांगायचे, "एकीकडचा माणूस दुसरीकडे उभा करतो आणि कुणाला कळू देत नाही." याहून चांगली व्याख्या मी तरी ऐकलेली नाही. हिरव्या पडद्यापुढे मुलगी उभी करून चित्रण केलेलं असतं. तो हिरवा काढायचा, तिच्या मागे समुद्र लावायचा, समुद्रावरचा उजेड तिच्या गालावर आणायचा आणि तिची सावली वाळूवर पाडायची. आम्ही त्याला जोडकाम म्हणायचो. आमची कंपनी लहान होती. जाहिराती, कारखान्यांच्या माहितीपर फिल्म, मालिकांची शीर्षकं, जे मिळेल ते करायची.

मी तिथली एडिटर. पेंटर मला तोंडावर 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'कात्री'. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे पाठीमागचं सगळं मला व्यवस्थित ऐकू यायचं. मी तापट आहे, हे मला सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच ते आधी सांगून टाकते. पेंटरांवर मात्र मी कधी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं, एकदाच, चार वर्षांपूर्वी. ते मी केलं नाही, आणि ही सगळी हकिकत त्याचीच आहे.

आमच्याकडे चित्र तीन खोल्यांतून फिरायचं. मी कापून जुळवून पेंटरांकडे पाठवायची. ते जोडकाम करून परत माझ्याकडे द्यायचे. मी ते जागच्या जागी बसवून तिसऱ्या खोलीत पाठवायची. तिसरी खोली म्हणजे भट्टी. तिथे रेंडर व्हायचं. जोडलेलं चित्र पक्कं करायचं तर कॉम्प्युटर एकेक फ्रेम शिजवत बसतो, आणि शिजवत असताना त्याला दुसरं काही म्हणजे काही सुचत नाही. स्क्रीन गोठते, माउस हलत नाही. माउस हलायला लागला की समजायचं, झालं काम. मग मशीन बंद करायचं आणि घरी जायचं. वीस वर्षं आम्ही असेच वागलो. भट्टीत बसणारा गृहस्थ जाडजूड आणि शांत होता. खोलीत इतकं गरम व्हायचं की तो बनियनवर बसायचा, आणि कोणी पाहुणे आले की शर्ट शोधायला लागायचा.

पेंटर मूळचे खरेच पेंटर. फोटो स्टुडिओत मागे लावायचे कापडी पडदे ते रंगवायचे. पायऱ्या आणि फुलांच्या कुंड्या, तळं, तळ्यात हंस, एक विमान, विमानाच्या खिडकीला भोक पाडलेलं, त्यातून मूल डोकं बाहेर काढणार. पंधराव्या वर्षी ते एका उस्तादाच्या हाताखाली लागले. त्या उस्तादाने पहिलं वर्षभर त्यांना ब्रशला हातच लावू दिला नाही. रंग नुसते ओळखायला लावले. त्यामुळे पेंटरांच्या रंगांची नावं त्यांची त्यांनाच ठाऊक. भिजलेल्या सिमेंटचा. सायीचा. जुन्या वहीचा. पावाच्या कडेचा. मी म्हणायची, "पेंटर, आकडा सांगा आकडा." तर म्हणायचे, "आकडा कशाला, डोळे आहेत ना."

स्टुडिओ बंद पडायला लागले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. पडदे कोणी घेईना. मग एका बोळातल्या क्लासमध्ये विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बसून ते कॉम्प्युटर शिकले. टायपिंग शेवटपर्यंत एका बोटाने केलं. पण तीन महिन्यांत ते असं जोडकाम करायला लागले की शिकवणारा त्यांना उलट विचारायला यायचा. आमच्या मोठ्या मालकांनी त्यांचा एक नमुना पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं. जोडकाम करणारे बहुतेक लोक रंग आलेखावर बघतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल-हिरव्या-निळ्या रेघा हलत असतात, त्या जुळल्या की चित्र जुळलं. पेंटरांनी तो आलेख पहिल्याच दिवशी बंद करून टाकला. त्याने डोळा बिघडतो म्हणे.

चार वर्षांपूर्वी मोठे मालक वारले. धाकट्या मालकांनी सूत्रं हातात घेतली आणि पहिल्याच महिन्यात दोघांना घरी पाठवलं. कोणाला कधी बोलावणं येईल याचा नेम नव्हता. सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागले होते, त्यावरूनच काय ते समजावं. त्याच महिन्यात पेंटरांकडून एका फरशी कंपनीच्या जाहिरातीचं जोडकाम आलं. बाई पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसली आहे, पाय पाण्यात आहेत. जोडणी सुरेख, केसांची कड अन् कड सुटी केलेली. फक्त तिच्या हाताखालच्या सावलीत पिवळट हिरवी झाक राहिली होती. पाण्याजवळची सावली निळसर पडते. हे मला पेंटरांनीच शिकवलेलं.

मला वाटलं, नजरचूक असेल. उठून सांगायला गेले. पेंटर खुर्चीत पाठ ताठ करून बसले होते. मी दारात दिसताच म्हणाले, "बाई, कसं झालंय तलावाचं? मालकांना आवडेल ना?" एकसष्टीला आलेला माणूस, त्याने आजवर असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "छान झालंय." आणि परत येऊन माझ्या बाजूने त्या चित्रावर एक दुरुस्तीचा थर टाकला. निळं तीनने वाढवलं. नंतर सापडावा म्हणून थराला नाव दिलं, 'पेंटर-निळं'. दोन मिनिटांचं काम.

पुढच्या महिन्यात निळं चारने वाढवावं लागलं. मग पाच. मग कधी सहा, कधी आठ. एखाद्या कामात डाव्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याची टोकं तशीच राहिलेली असत. तीही मी पुसायची. पेंटरांना काही सांगायचं नाही, मालकांना त्याहून नाही, हे मी माझ्याशीच ठरवून टाकलं होतं. मी त्यांच्यावर उपकार करते आहे असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते वाटणं मला आवडायचंही. वर्षभराने तेही उरलं नाही. हात आपोआप जायचा. चित्र आलं, थर टाकला, पुढे पाठवलं. त्यात काळजी नव्हती, दया नव्हती, काहीच नव्हतं. दार लावून घेतो तसं.

एकदा त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर त्यांनीच रंगवलेला एक जुना पडदा कापून चौकटीत बसवलेला. वहिनी पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यांचं बोलणं अजून फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं. पेंटर आतून पाणी आणताना दाराच्या चौकटीला खांद्याने धडकले आणि पाणी सांडलं. वहिनी म्हणाल्या, "आताशा फार धांदरट झालेत. परवा तर शेजाऱ्यांच्या सायकलवरच जाऊन आदळले. मी म्हटलं, अहो, ती उभी होती, तुम्ही चालत होता, दोष कोणाचा?"

पेंटर हसले. मीही हसले. आमच्या भट्टीवाल्याच्याही त्या सुमारास काहीतरी लक्षात आलं असावं. "बाई, पेंटरांची चित्रं तुमच्याकडून येतात तेव्हा बरोबर असतात," असं तो एकदा म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मग झालं तर." रंग चुकतात, कडा सुटतात, माणूस चौकटीला धडकतो. मी एवढी वर्षं तुकडे जोडून गोष्ट सांगण्याचा पगार घेतला, आणि हे तीन तुकडे शेजारी ठेवायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मग ते सॉफ्टवेअर आलं.

धाकटे मालक कुठल्याशा प्रदर्शनाला गेले होते, तिथून ते डोक्यात भरूनच परत आले. एकाच सॉफ्टवेअरमध्ये एडिटिंग, त्यातच जोडकाम, आणि रेंडरही त्यातच, तेही पाठीमागे गुपचूप. आपण पुढचं काम करत राहायचं, मागे त्याचं शिजवणं चालू. शिकवायला एक मुलगी आली. केस आखूड, बोलणं भराभर. ती म्हणाली, "आता इकडून तिकडे फाइल पाठवायचीच नाही. सगळ्यांचं काम एकाच झाडावर. कोणी काय केलं, केव्हा केलं, कोणालाही दिसतं." स्क्रीनवर तिने ते झाड दाखवलं. लहान लहान चौकोन, रेघांनी जोडलेले. एक चौकोन म्हणजे मूळ चित्र, पुढचा म्हणजे हिरवा काढला, पुढचा म्हणजे समुद्र लावला. पेंटर पुढे वाकून, मान एका बाजूला वळवून बघत होते. त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे उस्ताद, शागीर्द आणि गिऱ्हाईक एकाच पडद्यापुढे," असं म्हणाले.

भट्टी बंद झाली. भट्टीवाला मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला गेला. जाताना शर्ट घालून सगळ्यांना भेटला. मला म्हणाला, "पेंटरांचं बघा." मी म्हटलं, "बघतेच आहे." प्लायवूडची भिंत काढली. माझं आणि पेंटरांचं टेबल एका खोलीत, शेजारी शेजारी आलं. आता मला कात्री म्हणायची पंचाईत झाली, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "तुम्हाला ऐकू यायचं होय?" आणि खरंच ओशाळले.

पहिले दोन महिने नवीन कामं करण्यात गेले. एका खोलीत बसून चोरून दुरुस्ती करणं कठीण होतं. ते चहाला उठले की मी करायची, आणि संपवलेलं काम ते पुन्हा उघडत नसत म्हणून झाडावरचा माझा थर त्यांना दिसत नसे. त्यांचा चहा पूर्वी पाच मिनिटांत व्हायचा, आता जिना उतरायला त्यांना वेळ लागत होता, ते माझ्या पथ्यावर पडायचं. हे मी लिहिते आहे ते वाचूनच मला कसंसं होतं, पण तेव्हा होत नव्हतं.

मग त्या फरशी कंपनीने चार वर्षांतल्या सगळ्या जाहिराती नव्याने मागितल्या. नवीन बोधचिन्ह घालून, नवीन मापात. मालकांनी सांगितलं, "जुनं सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. ताई, तुम्ही आणून ठेवा, सोमवारपासून पेंटर करतील."

शनिवारी दुपारी मी आणायला बसले. पेंटरांना त्या दिवशी सुट्टी होती. पहिलं काम उघडलं तर समोर झाड आलं. पेंटरांचे चौकोन ओळीने, आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या रंगात, एक चौकोन: 'पेंटर-निळं'. खाली तारीख, आत आकडा. दुसरं काम उघडलं, तेच. तिसरं, तेच. पूर्वी हे थर माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर दडलेले असायचे. आता ते त्यांच्या कामाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते, नावानिशी. मी मोजले. त्रेसष्ट होते. घाबरून पुन्हा मोजले, तेवढेच. त्या चार वर्षांत मला नीट काही वाटल्याची ती एकच वेळ.

उपाय होता. दुरुस्तीसकट सगळं चित्र एकदा रेंडर करून घ्यायचं आणि जुन्या जागी ते पक्कं चित्र बसवायचं, म्हणजे चौकोन मुरून जातो. वेगळा दिसत नाही. मी त्रेसष्टच्या त्रेसष्ट निवडले, हुकूम दिला. स्क्रीन एक क्षण थांबली आणि माउस हलायला लागला. म्हणजे झालं. किती चटकन झालं म्हणून मला बरंच वाटलं. मशीन बंद केलं, पंखा बंद केला, चार वाजता घरी गेले. रविवारी कपाट आवरलं.

त्या सॉफ्टवेअरला माउस गोठवायची गरजच नव्हती, हे मला शिकवलेलं होतं. वहीत लिहूनही घेतलेलं होतं. रेंडर मागे चालतं, हात मोकळाच असतो, आणि मशीन बंद केलं तर ते जिथल्या तिथे थांबतं. पण वीस वर्षांचा हात वही वाचत नाही.

सोमवारी मी साडेदहाला पोचले. पेंटर आधीच येऊन बसले होते. त्यांच्या स्क्रीनवर तलावाची बाई होती आणि शेजारी झाड. शेवटच्या चौकोनावर बोट ठेवून ते बसले होते, बहुधा बराच वेळ.

"बाई, हे काय आहे?"

मी पर्स टेबलावर ठेवली. "ते गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. त्यांना जरा निळं हवं होतं."

"प्रत्येक वेळी?"

त्यांनी दुसरं काम उघडलं, मग तिसरं. प्रत्येकात शेवटच्या चौकोनावर जाऊन थांबत होते. आवाज नेहमीचाच. रागावलेला असता तर मला बरं पडलं असतं, मला रागावलेल्या माणसाशी बोलता येतं.

"माझं नाव घातलंय यावर."

"सापडावं म्हणून."

त्यांनी तो चौकोन बंद केला. चित्रातली सावली पिवळट झाली. पुन्हा चालू केला. सावली निळी झाली. बंद. चालू. बंद. चालू. दहा-बारा वेळा तरी केलं असेल. मग स्क्रीनच्या जवळ गेले, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि पुन्हा केलं.

"मला फरक दिसत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला दिसतो?"

"दिसतो."

"थोडा?"

"बराच."

त्यांनी मान हलवली. मग फरशी कंपनीचं नवीन बोधचिन्ह घेतलं आणि काम सुरू केलं. दिवसभर काम केलं. दुपारी डबा खाल्ला, त्यातलं घेता का म्हणून मला विचारलं नाही आणि मीही माझ्यातलं दिलं नाही. संध्याकाळी मालक डोकावले, "काय पेंटर, जमतंय ना नवं?" तर म्हणाले, "जमतंय की." मला घरी जाताना जिन्यावर समजलं की मी दिवसभरात एकही कट केलेला नाही. नुसती पुढचा-मागचा तुकडा बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि तिसऱ्या दिवशी तिथे पुन्हा तपासून घेऊन बारा वाजता कामावर आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे बाहुल्या मोठ्या दिसत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कडेचं बरंच गेलंय. उजव्यात जास्त."

"ऑपरेशन?"

"आहे ते टिकवायला करतील कदाचित. गेलेलं येत नाही म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ता लागत नाही. कडेकडेने खात येतो." कुणा दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं ते सांगत होते. "त्यांनी विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, ठाऊक नाही. रंग बदललेले वाटले का केव्हा? म्हटलं, मला तर नाही वाटले. त्या म्हणाल्या, काहींना निळ्या-पिवळ्यात आधी गडबड होते, तुमचा तर धंदाच रंगांचा, आठवून बघा. वेग कळला तर पुढचं ठरवायला सोपं जातं म्हणाल्या."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. खिशातून एक कोरा कागद काढला, चार घड्यांचा, टेबलावर तळहाताने सपाट केला, आणि पेन उघडलं.

"वाचा," म्हणाले.

मला कळलं नाही असं नाही. तरी मी विचारलं, "काय?"

"तारीख आणि आकडा. पहिल्यापासून."

मी वाचायला लागले. पहिली तारीख, तीन. दुसरी, चार. तिसरी, चार. ते लिहीत होते. पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर, प्रत्येक आकडा एका उंचीचा, ओळ पट्टीवर आखल्यासारखी. पहिल्या वर्षाअखेर सात. दुसऱ्याच्या मध्यावर नऊ. त्यानंतर तीन महिने नऊच नऊ. मग एकदम बारा. तिथे ते थांबले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. ज्या कामांत कोपऱ्यातला हिरवा राहिला होता तीही त्यांनी विचारून घेतली. डावा कोपरा की उजवा? डावा. पुढच्यात? दोन्ही. त्या तारखांपुढे त्यांनी लहान फुली केली.

मध्ये मालक येऊन गेले, त्यांना वाटलं जुन्या कामांची यादी चालली आहे. आम्ही हो म्हटलं. सगळं वाचायला पाऊण तास लागला. माझा आवाज सबंध वेळ सरळ होता. तसा तो का होता, त्याचं मला नंतर भय वाटलं. शेवटची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची, आकडा एकोणीस. मी जे दोन-दोन मिनिटांत करून मोकळी होत होते, ते कागदावर एकाखाली एक आलं तेव्हा ते काय होतं हे मला दिसलं. त्या माणसाचा डोळा चार वर्षं कसा गेला, त्याची नोंद मीच ठेवत आले होते, पूर्णांकात, न चुकता. आणि पुढे पाठवून देत होते.

"पेंटर," मी म्हटलं, "मी तेव्हा सांगायला आले होते."

"तलावाच्या वेळी," ते म्हणाले. "आठवतंय मला. दारात उभ्या होता." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "शुक्रवारी परत बोलावलंय. तुम्ही चला. आकड्यांचं त्या विचारतील, मला सांगता यायचं नाही. हिचे गुडघे दुखतात, हिला जिने नकोत."

वहिनींना काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, प्रत्येकाची मान मागे आणि डोळे मिटलेले. आम्ही शेजारी बसलो. पेंटरांच्या समोरच्या भिंतीवर फिकट रंग होता. मी मनात म्हटलं, सायीचा. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. त्यांना तो कसा दिसत असेल ते आता मला माहीत नव्हतं. आत बोलावणं आलं तेव्हा ते उठले आणि दाराशी आल्यावर हाताने चौकट चाचपून मगच आत गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी कागद उघडला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की आकडा म्हणजे चित्रात किती निळं कमी पडलं ते, आणि फुली म्हणजे कडेचं काय सुटलं ते. त्यांनी दोन-तीन तारखांवर बोट ठेवून प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. माझी सगळी उत्तरं बरोबर होती.

"ही नोंद कोणी ठेवली?" त्यांनी विचारलं.

"यांनी," पेंटर म्हणाले.

"अशी नोंद मला कोणी आणून दिली नव्हती आजवर. इतकी बारीक." त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी खाली बघितलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेंटरांकडे वळल्या. हसू गेलेलं होतं. "पण हे बघा ना. चार वर्षांपूर्वीच सुरुवात दिसते आहे. त्याच वेळी आला असता तर नुसत्या थेंबांवर भागलं असतं. निदान डावा डोळा तरी बऱ्यापैकी राहिला असता. यांना दिसत होतं, म्हणजे तुम्हाला कळलंच असणार. मग का नाही आलात?"

आता बोलायची पाळी माझी होती. तेवढं मला समजत होतं. मी तोंड उघडलं, आणि पेंटर माझ्या आधी बोलले. नेहमीच्याच आवाजात, घाई न करता, एक चित्र दुसऱ्याला चिकटवताना ते बसायचे तसे पाठ ताठ करून.

"या लागल्या होत्या हो मागे. चार वर्षं सांगत होत्या, जाऊन या, जाऊन या. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, असे पुष्कळ पेशंट बघितलेल्या माणसाने हलवावी तशी, आणि ते वाक्य त्यांच्या फाइलमध्ये लिहून घेतलं.